पिवळ्या ऑइलपेंटातले पत्ते

पत्ता ही माणसाची शेवटची मालमत्ता आहे. जमिनीच्या वाटण्या होतात, घरं पडतात, नोकऱ्या संपतात. पत्ता मात्र माणसाची साथ सोडत नाही.

हे वाक्य मी अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, दोन तासिकांच्या मधल्या वेळात लिहिलं. संस्थेच्या अध्यक्षांना सव्वीस तारखेला झेंडावंदन उरकून आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या इंटरनेटचं उद्घाटन करायचं होतं आणि त्यावर दहा मिनिटं बोलायचं होतं. इंटरनेट म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. अध्यक्ष विचारत नसत. "जरा वजनदार लिहा, मॅडम," एवढंच म्हणाले. मी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख होते. विभागात मी, एक लॅब असिस्टंट आणि चोपन्न कॉम्प्युटर होते, त्यामुळे प्रमुख होणं फारसं जड गेलं नव्हतं.

वाक्य खोटं आहे हे मला लिहितानाच माहीत होतं. लग्नानंतर माझा स्वतःचा पत्ता चार वेळा बदलला होता आणि चारही वेळा रेशनकार्ड मागच्या पत्त्यावर राहिलं होतं. पण टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी ते वाक्य दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा चष्मा काढून. मग पुढचं वाचलं: "आज आपल्या प्रत्येक कॉम्प्युटरला जगात स्वतःचा पत्ता मिळाला आहे. असा पत्ता जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुणाकडेही नाही!"

हे दुसरं वाक्य मात्र खरं होतं. आमच्या कॉलेजपर्यंत, म्हणजे नगरहून शेवगावच्या रस्त्याला थोडं बाहेर, सरकारी टेलिफोन कंपनीनं एक लाइन ओढून दिली होती आणि लाइनबरोबर ओळीनं चौसष्ट नंबर दिले होते. प्रत्येक नंबर म्हणजे चार आकडे आणि त्यांच्या मध्ये तीन टिंबं. त्यातला एकेक नंबर मी एकेका कॉम्प्युटरमध्ये टाईप केला. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरनं त्या नंबरावर काही पाठवलं, की ते नेमकं आमच्या त्याच मशीनवर यायचं. निदान यायला हवं होतं. लाइन दिवसातून दोन-तीन वेळा झोपायची, पण ती गोष्ट भाषणात नव्हती.

भाषण बहुतेकांनी जिलेबीकडे लक्ष ठेवून ऐकलं. एका माणसानं ते मनावर घेतलं. ते म्हणजे आमचे भांडारपाल.

त्यांना सगळं कॉलेज नाना म्हणायचं. कॉलेजात येऊन त्यांना पंचवीस वर्षं होत आली होती आणि कॉलेजातल्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची नोंद त्यांच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होती. ज्यानं हे रजिस्टर पाहिलं नाही त्याला सांगायला हवं, की संस्थेत खुर्ची ही बसायची वस्तू नसते. खुर्ची म्हणजे एक नंबर. तो नंबर पाठीमागे ऑइलपेंटनं लिहिलेला असतो आणि रजिस्टरातही असतो, आणि दरवर्षी कुणीतरी येऊन दोन्ही नंबर जुळतात का ते बघतो. जुळले तर खुर्ची आहे. नाही जुळले तर तुम्ही तिच्यावर बसलेले असलात तरी खुर्ची नाही.

नानांच्या रजिस्टरात पंचवीस वर्षांत एक खाडाखोड नव्हती. इतर माणसं मुलांचे मार्क सांगतात, तसं नाना हे सांगायचे.

सत्तावीस तारखेला ते रजिस्टर काखेत घेऊन लॅबमध्ये आले. मी चाचणीचे पेपर तपासत होते.

"मॅडम, काल साहेब म्हनले त्ये खरं हाय का? ह्यो नंबर जगात दुसऱ्या कुनाचाच न्हाई?"

"खरं आहे."

"औरंगाबादला बी न्हाई?"

"अमेरिकेतसुद्धा नाही, नाना."

त्यांनी थोडा विचार केला. "मग म्या कशाला येगळा नंबर पाडू? आपल्या कपाटांचं नंबर तर शेजारच्या हायस्कुलात बी हायेत. येकदा दोन बाकं बदली झाली, वर्सभर वाद. ह्यो नंबर बेस हाय. ह्योच घालतो रजिस्टरला."

मी पेपरवरून मान वर न करता "घाला" म्हणाले. या लेखातल्या सगळ्या भानगडीला तो एक शब्द जबाबदार आहे आणि तो माझा आहे.

दोन दिवसांनी पेंटर आला. तो एरवी ट्रकच्या मागे मजकूर लिहायचा, त्यामुळे त्याचा हात सढळ होता. चोपन्न मॉनिटर आणि चोपन्न कॅबिनेट यांच्यावर त्यानं पिवळ्याधमक ऑइलपेंटनं नंबर काढले. टिंबं टिकलीएवढी. पहिल्या मॉनिटरवर नंबराखाली त्यानं हौसेनं एक कमळही काढलं होतं. नानांनी ते ब्लेडनं खरवडायला लावलं. "रजिस्टरात फूल न्हाई," म्हणाले.

सव्वा वर्ष सगळं सुरळीत चाललं. पोरं मशीनला नंबरानं ओळखायला लागली होती. सगळे नंबर सुरुवातीला सारखेच असल्यानं फक्त शेवटचा आकडा म्हणायची. "सतराव्यावर बसू नको, त्याचा माउस अडकतो."

मग नव्व्याण्णवच्या एप्रिलमध्ये अध्यक्ष टेलिफोन कंपनीच्या नगरच्या ऑफिसात लाइनची तक्रार घेऊन गेले आणि तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना बाहेरच्या बाकावर चाळीस मिनिटं बसवलं. लाइन सव्वा वर्ष बंद पडत होती, त्यावर कुणी काही केलं नव्हतं. बाकानंतर मात्र आठ दिवसांत निर्णय झाला. खासगी कंपन्यांना इंटरनेट द्यायची परवानगी नुकतीच मिळाली होती आणि पुण्याच्या एका कंपनीनं नगरात एका गच्चीवर मनोरा उभा केला होता. आमच्या गच्चीवर डबा बसवायचा, त्याचं तोंड मनोऱ्याकडे करायचं, की झालं. तांत्रिक प्रगतीची कारणं पुस्तकात वेगळी देतात. मी पाहिलेलं कारण सागवानी होतं आणि त्याला पाठ टेकायला जागा नव्हती.

पुण्याचा इंजिनिअर मेमध्ये पाहणीला आला. चाळीस डिग्रीत टाय लावून. त्यानं लॅबमध्ये पाऊल टाकलं आणि पिवळे नंबर बघून थबकला.

"हे काय आहे, मॅडम?"

"पत्ते."

"पण हे तर बदलणार."

"म्हणजे?"

"म्हणजे हे नंबर तुमचे नाहीत. त्यांच्या लाइनचे आहेत. लाइन सोडली की नंबर सोडायचे. आम्ही आमचे देऊ, तुम्ही सगळीकडे नवे टाकायचे." त्यानं एका मॉनिटरवर नखानं पेंट खरवडून पाहिला. "निघत नाही हो हा."

"निघू नये म्हणूनच लावलाय."

मला हे माहीत असायला हवं होतं का? होतं. पुस्तकात वाचलंही होतं. पण जो पत्ता आपण स्वतःच्या हातानं चोपन्न वेळा टाईप केलेला असतो, तो आपला नाही हे पटायला वेळ लागतो.

शेजारच्याच स्टोअरच्या दारात नाना उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, नंबर बदलनार?"

"असं म्हणतायत."

"कवा?"

"जूनमध्ये."

नाना तिथल्या स्टुलावर बसले. ते कधी दुसऱ्याच्या नावावरच्या स्टुलावर बसत नसत.

तीस जूनला नाना निवृत्त होणार होते. त्याआधी पंधरा जूनला तिघांची समिती येऊन पूर्ण डेडस्टॉकची पडताळणी करणार, मग नानांना 'काही येणे नाही' असा दाखला मिळणार, आणि त्या दाखल्याशिवाय त्यांचे निवृत्तीचे कागद कॉलेजबाहेर पडणार नव्हते. हे कुणाला किरकोळ वाटेल. आमच्याकडे फिजिक्सचा एक लॅब असिस्टंट होता. निवृत्तीच्या वर्षी त्यानं बिचाऱ्यानं चांगलं दिसावं म्हणून तीन स्टुलांना नवा रंग दिला. नंबर रंगाखाली गेले. समितीनं लिहिलं: तीन स्टुलं गहाळ, तीन स्टुलं बेवारस. त्याचे कागद दोन वर्षं हलले नाहीत. तो दर सोमवारी यायचा आणि त्याच तीन स्टुलांपैकी एकावर बसून वाट बघायचा.

"नाना, रजिस्टरात नंबर दुरुस्त करू. मी सही देते."

"खाडाखोड?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही घाणेरडं सुचवलं होतं. "आन केली तरी भागनार न्हाई. वर पेंट जुना ठिवून आत नंबर नवा, आसली लबाडी बी माज्या रजिस्टरात चालायची न्हाई. नंबर बदलला म्हंजे वस्तू बदलली. जुनी वस्तू कुटं गेली? नव्या वस्तूचं बिल कुटं हाय? चोपन कापूटर गहाळ आन चोपन बेवारस. स्टूल तीनच हुती तर दोन वर्सं लागली, मॅडम. तुमी हिशोब करा."

मी केला. छत्तीस वर्षं. नाना चौऱ्याण्णव वर्षांचे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष कॉलेजचे होते, तसेच दूध संघाचेही होते आणि आणखी दोन-तीन ठिकाणी होते; कुठल्या वेळी ते कशाचे अध्यक्ष आहेत हे टेबलावरच्या पेपरवेटवरून ओळखावं लागायचं. नंबर बदलणार हे ऐकून ते चिडले. नानांसाठी नाही. स्वतःच्या भाषणासाठी.

"बदलणार कसे? मी जाहीर सांगितलंय. शेवटची मालमत्ता!"

"साहेब, ते नंबर टेलिफोन कंपनीचे होते."

"मग आपले घ्या ना स्वतःचे. कुणाच्या बापाचे नकोत. माझ्या तीन गाड्या झाल्या, मॅडम. अँबेसेडर गेली, दुसरी आली, आता ही. एम एच सोळा, आणि पुढचे चार आकडे तेच. गाडी कुठल्याही कंपनीची घेतो, नंबर माझा. कॉम्प्युटरला काय धाड भरलीय?"

खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं पटलं. आयुष्यात अध्यक्षांचं म्हणणं मला दोनदा पटलं, त्यातली ही पहिली वेळ. ज्याला लाइन बदलायची आहे त्याच्याकडे स्वतःचा नंबर असावा. नाहीतर एकदा एका कंपनीचा झालेला माणूस पुन्हा नंबर टाकायच्या भीतीनं तिथंच पडून राहणार. आणि स्वतःचे नंबर मिळतात हेही खरं होतं. आपल्या बाजूच्या देशांना नंबर वाटून देणारं एक ऑफिस ऑस्ट्रेलियात होतं. मी त्यांना ई-मेल लिहिली. नानांसाठी, अध्यक्षांच्या नावानं, जुन्याच लाइनवरून.

आठवड्यानं उत्तर आलं. इतकं सभ्य, की दोनदा वाचल्यावर नकार आहे हे कळलं. तुमची गरज लहान आहे, ती तुमच्या कंपनीकडून भागवा. आणि आम्ही नंबर दिले तरी जगातले इतर लोक ते ओळखतीलच, याची हमी आम्ही देत नाही.

या शेवटच्या वाक्यावर अध्यक्ष फार भडकले. "ओळखणार नाहीत? मला?" त्यांनी इंजिनिअरला बोलावून घेतलं, प्राचार्यांना बोलावलं, मला बोलावलं, आणि रजिस्टरसकट नानांनाही. प्राचार्य बैठकीत बोलत नसत, मान हलवत.

इंजिनिअरनं प्रयत्न केला. जगभर मोठी मशीनं असतात, म्हणाला, त्यांच्याजवळ यादी असते; मोठ्या तुकड्यांची यादी छोटी राहते; प्रत्येकानं आपला छोटा तुकडा वेगळा मिरवायचा ठरवला तर यादी वाढते, मेमरी भरते, मशीन बसतं. म्हणून इतके लहान तुकडे पुष्कळ जण यादीत घेतच नाहीत. आम्ही घेऊ हो, पण आमच्या पुढचा घेईल का सांगता येत नाही.

"यादीत एक नाव वाढलं तर काय होतं?" अध्यक्ष म्हणाले. "आमच्या मतदारयादीत बघा किती वाढतात."

इंजिनिअरनं टाय सैल केला. तेवढ्यात नाना बोलले. बैठकीत ते पहिल्यांदाच बोलत असावेत, कारण प्राचार्यांची मान हलायची थांबली.

"साहेब, मी बोलू का?"

"बोला, नाना. यांना समजावून सांगा."

"कालेजात यायच्या आदी मी सात वर्सं रेल्वेच्या टपालडब्यात हुतो. पत्रं लावायला. दौंड-मनमाड. डब्यात आमी चार मानसं आन म्होरं भिताडाला खोकी. लई तर दोन-अडीचशे. गाडी पळतीया, पत्राचं नाव कोन वाचतंय? पिनकोड आला तवापास्नं पयलं तीन आकडं बघायचं. चारशे चौदा, टाक नगरच्या खोक्यात. शेवगाव का पारनेर, त्ये नगरवाले बघतील."

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले. त्यांना वाटलं, हे आपल्या बाजूनं चाललंय.

"आता तुमी ऱ्हायला पुन्याला गेला, आन म्हनला, माजा पत्ता नगरचाच ऱ्हानार. मग तुमचं पत्र नगरच्या खोक्यात टाकून चालंल का? न्हाई. तुमच्यासाटी येगळं खोकं पायजे. त्ये बी निस्तं आमच्या डब्यात न्हाई. कलकत्त्याच्या डब्यात पायजे, मद्रासच्या डब्यात पायजे, कारन तुमाला पत्र कुटनं बी येनार. आज तुमचं येक खोकं. उद्या समदे साहेब लोक मागत्याल. डबा तेवढाच हाय. मग मानसं हुबी कुटं ऱ्हानार?"

इंजिनिअरनं टाय पूर्ण काढून खिशात ठेवला.

"मला हेच सांगायला कंपनीनं तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं," इंजिनिअर म्हणाला.

अध्यक्षांनी नानांकडे रोखून पाहिलं. "नाना, तुम्ही कॉलेजच्या बाजूचे, का पुण्याच्या?"

"खोक्याच्या, साहेब."

अध्यक्षांनी मग चष्मा काढला आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, मग ते मालमत्ता वगैरे काय होतं?"

"ते भाषण होतं, साहेब."

हे उत्तर त्यांना लगेच समजलं. त्यांनी बैठक संपवली. नंबर पुण्याच्या कंपनीचे घ्यायचे, असं ठरलं. आयुष्यात अध्यक्षांचं मला पटलेलं हे दुसरं म्हणणं.

बाहेर व्हरांड्यात मी नानांना गाठलं. "नाना, गप्प बसला असता तर साहेबांनी दिल्लीपर्यंत ओढलं असतं प्रकरण. काही ना काही नंबर मिळवले असते. निदान पंधरा जूनपर्यंत जुनी लाइन तरी ठेवली असती."

"व्हय."

"मग?"

"मॅडम, सात वर्सं त्या खोक्यांम्होरं हुबा ऱ्हायलोय मी. पाय बघा माजे." त्यांनी खरंच पायजमा वर करून शिरा दाखवल्या. "येकेक हुशार मानूस पत्त्यावर काय बाय लिव्हायचा, तवा आमी चौघं त्येला काय म्हनायचो, त्ये बाईमानसाम्होरं सांगता येत न्हाई. आता मीच तसा मानूस व्हऊ?"

रजिस्टर काखेत मारून ते स्टोअरकडे गेले. मी तिथंच उभी राहिले आणि लाज वाटण्याऐवजी विचार करायला लागले. लाजेपेक्षा त्यानं वेळ बरा जातो.

नानांनी स्वतःच उत्तर सांगितलं होतं, फक्त अर्धं. पत्ते दोन जणांसाठी असतात. एक बाहेरच्यांसाठी आणि एक आतल्यांसाठी. बाहेरच्या डब्यात खोकी कमी हवीत, म्हणून बाहेरचा पत्ता बदलता हवा. आत समितीला नंबर तोच हवा, म्हणून आतला पत्ता बदलता कामा नये. मग दोघांची गाठ घालून देणारं कुणीतरी दारात बसवलं की झालं.

स्टोअरमध्ये एक जुना कॉम्प्युटर पडून होता. दोन वर्षांपूर्वी तो रीतसर निकामी ठरवून रजिस्टरातून उडवला होता, पण भंगारात जायचा राहिला होता. मी त्यात दोन नेटवर्क कार्डं बसवली. एका कार्डाचं तोंड पुण्याकडे, दुसऱ्याचं लॅबकडे. आत चोपन्न मशीनं जुन्याच पिवळ्या नंबरांनी बोलणार. बाहेर जाताना हा म्हातारा सगळ्यांवर पुण्याचा एकच नंबर लावणार. उत्तर आलं की ते कुणाचं होतं हे आठवून ज्याचं त्याला देणार.

नानांना दाखवलं तर त्यांनी अर्ध्या मिनिटात ओळखलं. "म्हंजे आवक-जावक."

तेच. कॉलेजातून कुठलंही पत्र गेलं तरी वर पत्ता कॉलेजचा. आलेलं पत्र आवक-जावकच्या टेबलावर, तिथून ज्या त्या सरांकडे. कुठले सर कुठल्या खोलीत बसतात, हे टपालखात्याला कळायची काही गरज नसते.

"ह्या म्हाताऱ्याला नंबर कोंचा?" नानांनी विचारलं.

"बाहेरचा पुण्याचा. कंपनी बदलली की तोही बदलणार."

नाना गंभीर झाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "बदलू द्या. त्यो रजिस्टरात न्हाईच."

जगभरातले शहाणे लोक ज्या पेचावर त्या काळात कागदामागून कागद लिहीत होते, तो आमच्याकडे असा सुटला: जी वस्तू रजिस्टरात नाही, तिचा पत्ता कितीही वेळा बदलला तरी चालतो.

जूनच्या पहिल्या रविवारी इंजिनिअर डबा बसवायला आला. मी त्याला जुळणी दाखवली.

"मॅडम, आतमध्ये असे नंबर वापरायला वेगळी राखीव रांग असते. ती कुणाच्याच मालकीची नसते. ती वापरा ना."

"ती रंगवलेली नाही."

"पण हे जुने नंबर आता त्या टेलिफोन कंपनीचे आहेत."

"आम्ही बाहेर दाखवत नाही. आतल्या आत म्हणतो."

"उद्या त्यांनी ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिले तर? त्याच्याकडे जाणारं सगळं तुमच्या लॅबमध्येच फिरत बसेल. तुम्हाला तो माणूस कधीच दिसणार नाही."

"सगळ्या जगात एकच माणूस ना? एक माणूस दिसला नाही म्हणून कॉलेज बंद पडत नाही."

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं, निदान बाहेरच्यांनी आत शिरू नये म्हणून काही बंदोबस्त केलाय का? प्राचार्य रविवार असूनही हजर होते. ते पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "शिंगणापूरला घरांना दारं नसतात. आपल्याच जिल्ह्यात आहे." इंजिनिअरनं वही मिटली. मी सोमवारी बंदोबस्त केला. प्राचार्यांची श्रद्धा मोठी होती, पण तिकडच्या घरांचा पहारा आमच्या लॅबपर्यंत येत नव्हता.

पंधरा जूनला समिती आली. तिघं. एकानं रजिस्टर वाचायचं, दुसऱ्यानं मशीनवर बोट ठेवायचं, तिसऱ्यानं खूण करायची. चार आकडे आणि तीन टिंबं, चोपन्न मशीनं, आणि मॉनिटर नि कॅबिनेट मिळून दोनदा. वाचणारा टिंबही वाचत होता. विसाव्या मशीनपर्यंत त्याचा आवाज बसला आणि त्यानं पाणी मागितलं. नाना हात मागे बांधून भिंतीशी उभे होते, टपालडब्यात उभे राहिल्यासारखे. एकतिसाव्या नंबरला शेवटच्या आकड्यातला पहिला अंक जरा पुसट होता. समिती थांबली. तिसरा सदस्य खाली वाकला, खिशातून भिंग काढलं, तीन की आठ यावर तिघांची चर्चा झाली. नाना भिंतीपासून अर्धं पाऊल पुढे आले. मग सदस्य म्हणाला, "तीन." आणि खूण केली.

चोपन्नच्या चोपन्न जुळले. एकानं जाता जाता विचारलं, "हे चालू आहेत का?" दुसऱ्यानं त्याला आठवण करून दिली, की ते बघायचं काम आपलं नाही.

नानांना दाखला मिळाला. खाडाखोडीच्या रकान्यात समितीनं 'निरंक' लिहिलं होतं. नानांनी तो कागद मला वाचायला दिला. माझं वाचून झालं तरी हात पुढेच होता, म्हणून मी पुन्हा वाचला. तीस जूनला शाल-श्रीफळ झालं आणि ते शेवगाव तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. जाताना मी पत्ता मागितला, तर त्यांनी सुवाच्य अक्षरात नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड लिहून दिला. पिनकोडाखाली दोन रेघा.

"घर नंबर?"

"हाय, पन कुनाला म्हाईत न्हाई. पोष्टमन वळखतो की. त्ये आतलं हाय."

दिवाळीच्या सुमाराला अध्यक्षांचं टेलिफोन कंपनीशी पुन्हा जुळलं. नगरच्या ऑफिसात नवा अधिकारी आला होता आणि तो अध्यक्ष आत शिरले की उठून उभा राहायचा. म्हणून त्यांनी दूध संघासाठी त्याच कंपनीची लाइन घेतली, संघाच्या ऑफिसातच एक मोठा कॉम्प्युटर ठेवला आणि त्याच्यावर संघाची वेबसाइट सुरू केली. पहिल्या पानावर अध्यक्षांचा पानभर फोटो आणि त्यांच्यामागे एक जर्सी गाय. उद्घाटनाचं भाषण मीच लिहिलं. सुरुवातीचं वाक्य तेच ठेवलं, पत्ता ही माणसाची शेवटची मालमत्ता आहे. पुन्हा टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये ती साइट उघडून पाहिली. उघडेना. दुसऱ्या मशीनवर पाहिली, तिथंही नाही. मग संघाच्या कॉम्प्युटरचा नंबर काढला आणि वर पाहिलं, तर तोच नंबर समोरच्या एकतिसाव्या मॉनिटरवर पिवळ्या ऑइलपेंटात होता. कंपनीनं नगरमध्ये मोकळे झालेले चौसष्ट नंबर नगरच्याच पुढच्या गिऱ्हाइकाला दिले होते. बाहेरच्या डब्यातली खोकी वाढू नयेत म्हणून ते असंच करायचं असतं. नानांना पटलं असतं.

अध्यक्षांचा फोटो जगात कुठूनही दिसायचा, आमच्या कॉलेजातले चोपन्न कॉम्प्युटर सोडून. तक्रार एकही आली नाही.